पाना, गोटी आणि नट : दुरुस्तीच्या हत्यारांची निवड

मोटारदुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात घटकाभर उभे राहिले, तर एक प्रसंग हमखास पाहावयास मिळतो. एखादा नट गंजून घट्ट बसलेला असतो. कारागीर हाताला लागेल तो पाना त्यावर चढवितो आणि जोर लावतो. पाना निसटतो, बोटांची सालटी निघतात, पण नट जागचा हलत नाही. दुसऱ्या खेपेस जोर वाढतो, पाना पुन्हा निसटतो. तिसऱ्या खेपेपर्यंत नटाचे कोपरे घासून गुळगुळीत झालेले असतात. ‘नट गोल झाला’ असे म्हणून मग छिन्नी-हातोडा घेतला जातो. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो आणि नव्या नटाचा व स्टडचा खर्च वाढतो तो वेगळाच.

या अपघाताचा दोष बहुधा गंजाला दिला जातो. परंतु पुष्कळदा खरा दोष हत्याराच्या निवडीत असतो. पाना हे दिसावयास अगदी साधे हत्यार आहे, आणि म्हणूनच त्याची निवड विचारपूर्वक करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नुकताच बाहेर पडलेला तरुण पहिल्या कमाईतून हत्यारे घ्यावयास जातो, तेव्हा शंभर-सव्वाशे नगांची चकचकीत पेटी त्याला मोह घालते. त्या पेटीतील निम्मे नग वर्षानुवर्षे हातात धरले जात नाहीत, आणि नेमका हवा असलेला नग तीत नसतो. हत्यार पेटीकडे पाहून न निवडता नटाकडे पाहून निवडावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. ते का आणि कसे, हे आता क्रमाने पाहू.

प्रारंभी नावांविषयी दोन शब्द. आपल्याकडील दुकानांत सॉकेटला ‘गोटी’ असे सुटसुटीत नाव रूढ आहे. उघड्या जबड्याच्या पान्याला ‘फिक्स पाना’, बंद कड्याच्या पान्याला ‘रिंग पाना’, आणि एका टोकास जबडा व दुसऱ्या टोकास कडे असलेल्या पान्याला ‘कॉम्बिनेशन पाना’ म्हणतात. कारागिरांच्या तोंडी असलेली हीच नावे आपणही वापरू.

पान्यावरील आकडा काय सांगतो?

पान्यावर १३ हा आकडा असेल, तर तो बोल्टाच्या जाडीचा आकडा आहे असा नवख्याचा समज होतो. वस्तुतः तो नटाच्या किंवा बोल्टाच्या डोक्याच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर दाखवितो. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके सामान्यतः १३ मिलिमीटरांचे असते. परंतु हेही सर्वत्र सारखे नाही. जुन्या जर्मन मानकाप्रमाणे ८, १० आणि १२ मिलिमीटर बोल्टांची डोकी अनुक्रमे १३, १७ आणि १९ मिलिमीटरांची असतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती १३, १६ आणि १८ होतात. आणि जपानी धाटणीच्या मोटारींत त्याच बोल्टांची डोकी बहुधा १२, १४ आणि १७ मिलिमीटरांची आढळतात. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १२ व १४ मिलिमीटरांचे पाने आपल्या गॅरेजांत अपरिहार्य झाले, त्याचे कारण हेच होय.

याहून मोठा घोटाळा इंच आणि मिलिमीटर यांच्यातील आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांची एक ठरावीक पद्धती सुचविली. तिच्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा असून पान्यावर बोल्टाची जाडी लिहिण्याची रीत होती. त्यामुळे १/२ असे कोरलेल्या व्हिटवर्थ पान्याचा जबडा प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून पुष्कळ मोठा असतो. पुढे अमेरिकन वळणाची इंची पद्धती आली. तिच्यात पान्यावर सपाट बाजूंमधील अंतरच इंचांत लिहितात. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्यान्वये दशमान मापे स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. परंतु कायदा बदलला म्हणून रस्त्यावरील गाड्यांचे नट बदलत नाहीत. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली अँबॅसडर बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती, आणि तिच्या मूळ ब्रिटिश इंजिनाचे नट इंची मापाचे होते. विलीज वंशाच्या जुन्या जीपगाड्यांचीही गोष्ट तीच. याउलट, फियाटवरून मुंबईत कुर्ल्याला घडविलेली प्रीमियर पद्मिनी मिलिमीटरांच्या मापाची. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटच्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात सेवेतून गेल्या; पण हौशी मालकांनी जतन केलेल्या पद्मिनी, अँबॅसडर आणि जीप आजही दुरुस्तीला येतात. एकाच दुकानात दोन मापपद्धतींचे नट भेटतात ते असे.

येथे ‘जवळजवळ बसतो’ हा शब्दप्रयोग घातक ठरतो. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९ मिलिमीटरांचा पाना बहुधा चालून जातो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तेथे ८ चा पाना साधतो. परंतु १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ ची गोटी सहज चढते आणि फसगत तेथेच होते. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, त्यावर ११ ची गोटी चढत नाही आणि १२ ची सैल पडते. अशा ठिकाणी इंची गोटीला पर्याय नाही.

सैलपणा म्हणजे नेमके किती?

सैल गोटी कोपरे का खाते, हे भूमितीने स्पष्ट होते. षट्कोनी नटाच्या समोरासमोरील कोपऱ्यांतील अंतर हे सपाट बाजूंमधील अंतराच्या सुमारे १.१५५ पट असते. १२.७ मिलिमीटरांच्या नटाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर १४.६६ मिलिमीटर भरते. म्हणजे गोटीचे माप तितके झाले, की ती नटाभोवती नुसती फिरेल. खरा विचार करावयाचा तो त्यापूर्वीच्या अवस्थेचा. त्याच नटावर १३ ची गोटी घातली, तर ती सुमारे अडीच अंश रिकामी फिरते आणि मग नटाला टेकते. १४ ची गोटी घातली, तर ती बारा अंशांहून अधिक रिकामी फिरते. हा रिकामा फेरा जितका मोठा, तितका गोटीचा जोर नटाच्या सपाट बाजूवरून सरकून कोपऱ्याच्या धारेवर येतो. सपाट बाजूवर विभागून पडावयाचा भार एका धारेवर एकवटला, म्हणजे धार चेपते. धार चेपली की सैलपणा वाढतो, आणि पुढचा जोर आणखी घातक ठरतो. नट गोल होण्याची क्रिया एकदा सुरू झाली म्हणजे आपोआप वेग घेते, ती यामुळे.

म्हणून नटावर पाना चढविल्यावर जोर लावण्याआधी तो हलकेच मागेपुढे हलवून पाहावा. हाताला स्पष्ट खेळ जाणवला, तर तो पाना बाजूला ठेवावा. नटावर रंग, चिखल वा गंजाचा पापुद्रा असेल, तर तारेच्या ब्रशाने तो आधी काढावा. नाहीतर योग्य पानाही पुरता खोल बसत नाही.

फिक्स, रिंग आणि गोटी

फिक्स पाना नटाच्या सहा बाजूंपैकी केवळ दोनच बाजू धरतो, आणि जोर वाढला म्हणजे त्याचा जबडा किंचित फाकतो. त्याचा गुण निराळा आहे. जेथे वरून गोटी घालता येत नाही, तेथे तो आडवा सरकविता येतो. त्याचे डोके दांड्याशी १५ अंशांचा कोन करून बसविलेले असते. त्यामुळे पाना दर खेपेस उलटा करून लावला, तर केवळ ३० अंशांच्या फिरतीतही नट फिरविता येतो. यावरून कामाची वाटणी ठरते : घट्ट नट सोडवावयाचा तो रिंग पान्याने किंवा गोटीने; सैल झालेला नट भराभर फिरवून काढावयाचा तो फिक्स पान्याने. कॉम्बिनेशन पाना दोन्ही कामे करतो. मर्यादित पैशांत प्रथम तोच घ्यावा.

रिंग पाने बहुधा बारा कोपऱ्यांचे असतात, कारण त्यामुळे दर ३० अंशांनी पाना नव्याने बसविता येतो. गोट्या सहा कोपऱ्यांच्याही मिळतात व बारा कोपऱ्यांच्याही. रॅचेटच्या दांड्यावर वापरावयाची असेल, तर गोटी सहा कोपऱ्यांचीच घ्यावी. ७२ दात्यांचे रॅचेट केवळ ५ अंशांच्या फिरतीवर पुढचा दाता पकडते; तेव्हा अरुंद जागेसाठी गोटीला बारा कोपरे असण्याची गरज उरत नाही. सहा कोपऱ्यांच्या गोटीची भिंत नटाच्या बाजूला अधिक रुंद टेकते आणि जुना, झिजलेला नटही धरते. १९६० च्या दशकापासून अनेक उत्पादक गोटीच्या आतील कोपऱ्यांना किंचित खोलगट आकार देऊ लागले. त्यामुळे भार नटाच्या कोपऱ्यापासून दूर, सपाट बाजूवर पडतो. गोटी विकत घेताना ती उजेडात धरून हा आकार आहे की नाही ते पाहावे.

ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांसाठी मात्र वरीलपैकी एकही पाना योग्य नाही. त्या नळ्यांचे नट लहान, बहुधा १० किंवा ११ मिलिमीटरांचे असतात. नळी मधून जात असल्याने गोटी वा रिंग पाना वरून घालता येत नाही, आणि फिक्स पाना दोनच बाजू धरून त्यांना गोल करतो. त्यासाठी कड्याला एका बाजूने फट ठेवलेला खास पाना मिळतो. नळी फटीतून आत जाते आणि कडे नटाच्या बहुतेक सर्व बाजू पकडते. ब्रेकचा नट गोल झाला म्हणून अर्धवट आवळून गाडी ग्राहकाच्या हाती देणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. असे दोनच पाने घेतले, तरी बहुतेक काम भागते.

खोल गोटी केव्हा घ्यावी?

साधी गोटी आखूड असते. नटातून बोल्टाचे टोक बाहेर आलेले असेल, तर ते टोक आधी गोटीच्या तळाला टेकते आणि गोटी नटावर पुरती बसत नाही. केवळ वरची कड धरून राहते. अशा वेळी खोल गोटी हवी. मालमोटारीच्या कमानीचे पाटे ज्या यू-बोल्टांनी आवळलेले असतात, त्यांची टोके नटाबाहेर पुष्कळ लांब आलेली असतात. एक्झॉस्टच्या नळीच्या पट्ट्यांचे आणि बॅटरीच्या चौकटीचे बोल्टही तसेच. चाकाच्या नटांवर वापरावयाची गोटी खोल असली, तर दांडा टायरच्या कडेला वा चाकाच्या खळग्याला न लागता मोकळा फिरतो. निवडीचा नियम सोपा आहे : नटाबाहेरील बोल्टाची लांबी मोजावी, तीत नटाची उंची मिळवावी, आणि गोटीच्या आतील खोली त्याहून अधिक आहे की नाही ते पाहावे. गोटीची बाहेरची लांबी पाहून फसू नये; काही गोट्या बाहेरून लांब असल्या तरी आतून भरीव असतात.

खोल गोटीचे सर्वांत परिचित काम म्हणजे स्पार्क प्लग काढणे. प्लगच्या वरच्या भागातील पांढरे आवेष्टन चिनीमातीसारख्या कठीण पण ठिसूळ द्रव्याचे असते. गोटी तिरपी झाली, तर त्याला बारीक तडा जातो. असा तडा डोळ्यांना चटकन दिसत नाही, मात्र इंजिन अडखळू लागते. म्हणून प्लगच्या गोटीत रबराचे अस्तर असते. ते प्लगला मध्यभागी धरते आणि सोडविलेला प्लग वर उचलूनही आणते. जुन्या मोटारींच्या प्लगला बहुधा २१ मिलिमीटरांची आणि अलीकडच्या पुष्कळ मोटारींना १६ मिलिमीटरांची गोटी लागते.

असे असेल, तर सर्वच गोट्या खोल का घेऊ नयेत? कारण खोलीची किंमत मोजावी लागते. दांड्यावर लावलेला जोर नटाच्या पातळीत नसून गोटीच्या उंचीइतका वर असतो. त्यामुळे नट फिरण्याबरोबरच गोटी कलंडण्याचीही प्रवृत्ती होते. ४० मिलिमीटर उंचीच्या गोटीवर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतका, जोर लावला, तर कलंडविणारा पीळ ८ न्यूटन-मीटर होतो. ८० मिलिमीटरांच्या गोटीवर तोच १६ होतो. गोटी कलंडली, की तिची पकड पुन्हा नटाच्या कडेवर आणि कोपऱ्यांवर येते. शिवाय अरुंद जागेत लांब गोटी मावत नाही. म्हणून आखूड गोटी पुरत असेल तेथे आखूडच वापरावी. खोल गोटी वापरताना दुसऱ्या हाताचा तळवा दांड्याच्या डोक्यावर, गोटीच्या अगदी माथ्यावर, दाबून धरावा.

दांडा आणि पीळ

गोट्या आणि दांडे वेगवेगळे करण्याची कल्पना आज आपल्याला स्वाभाविक वाटते. पण पूर्वी बहुतेक गोट्या दांड्यालाच कायमच्या जोडलेल्या असत. १९२० साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सायडमन यांनी ५ दांडे आणि १० गोट्या यांचा एकमेकांत बसणारा संच विकावयास काढला, आणि पन्नास हत्यारांचे काम पंधरांत होऊ लागले. गोटीच्या माथ्यावरील चौकोनी भोक हे त्या जोडणीचे मर्म. ही भोके आजही जगभर इंचांतच मोजतात : १/४, ३/८, १/२, ३/४ आणि १ इंच. लहान स्क्रू-बोल्टांना १/४, मोटारीच्या इंजिनाला ३/८, चाकांना व खालच्या अंगाला १/२, आणि मालमोटारींना ३/४ वा १ इंच, अशी स्थूल वाटणी ध्यानात ठेवावी.

जोर गुणिले दांड्याची लांबी म्हणजे पीळ. शास्त्रीय परिभाषेत त्याला परिबल म्हणतात. लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला बहुधा ८० ते ११० न्यूटन-मीटर पीळ लागतो. नेमका आकडा त्या मोटारीच्या पुस्तिकेतून घ्यावा. आता दांड्यात पाइप घालून त्याची लांबी ६० सेंटिमीटर केली आणि ४०० न्यूटन जोर लावला, तर २४० न्यूटन-मीटर पीळ पडतो, म्हणजे आवश्यकतेच्या दुपटीहून अधिक. स्टड त्या क्षणी तुटत नाही; तो ताणला जातो आणि पुढे केव्हातरी दगा देतो. दिलेल्या पिळापैकी सुमारे नऊ-दशांश भाग नटाखालच्या व आट्यांमधील घर्षणात खर्च होतो, आणि केवळ एक-दशांश भाग बोल्ट ताणून धरण्याच्या उपयोगी येतो. म्हणूनच आट्यांना तेल लावून तितकाच पीळ दिला, तर घर्षण घटून बोल्टावरील ताण अपेक्षेहून बराच वाढतो. पुस्तिकेत सांगितले नसेल, तर चाकाच्या स्टडला तेल लावू नये. स्पार्क प्लगला पुरणारा पीळ सामान्यतः २० ते ३० न्यूटन-मीटर एवढाच असतो. ॲल्युमिनियमच्या आट्यांत त्यावर चाकाच्या नटाचा जोर लावला, तर आटे गेलेच म्हणून समजावे. अनुभवी हातालाही हा फरक दर वेळी कळतो असे नाही. त्यासाठी पीळ मोजणारा टॉर्क पाना ज्या दुकानात चाके आणि इंजिने उघडली जातात, तेथे असलाच पाहिजे. तो नट सोडविण्यासाठी मात्र वापरू नये.

हवेच्या किंवा विजेच्या धक्का देणाऱ्या यंत्रावर हाताच्या चकचकीत गोट्या चढविण्याची चूक सर्रास होते. हाताच्या गोट्या बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या, पातळ भिंतीच्या व कठीण असतात. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी त्या फुटतात आणि त्यांचे तुकडे डोळ्यांपर्यंत उडू शकतात. यंत्रासाठी जाड भिंतीच्या काळ्या गोट्या वेगळ्या मिळतात. त्या चिवट असतात.

खरेदीचा क्रम

थोड्या पैशांत आरंभ करणाऱ्याने प्रथम ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ मिलिमीटरांचे कॉम्बिनेशन पाने घ्यावेत. त्यानंतर याच मापांच्या, ८ चे माप वगळून, सहा कोपऱ्यांच्या आखूड गोट्या, एक रॅचेट, एक जोडदांडा, आणि घट्ट नट सोडविण्यासाठी एक लांब बिनरॅचेटचा दांडा. खोल गोट्या चारच पुरेत : प्लगच्या दोन, चाकाच्या नटाची एक, आणि ज्या गाड्या अधिक येतात त्यांच्या यू-बोल्टाच्या मापाची एक. मग ब्रेकच्या नळीचे दोन पाने आणि टॉर्क पाना. जुन्या इंची गाड्या येत असतील, तर १/२, ७/१६ आणि ९/१६ इंचांच्या गोट्या वेगळ्या खणात ठेवाव्यात. मिलिमीटरांच्या गोट्यांत त्या मिसळू देऊ नयेत.

खरेदीच्या वेळी मुलामा पाहू नये. पान्यावर माप स्पष्ट कोरलेले आहे का, उत्पादकाचे नाव आहे का, आणि भारतीय मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही मानके आहेत. खिशात त्या मापाचा एक नवा बोल्ट न्यावा आणि दुकानातच त्यावर पाना चढवून पाहावा. या एका बोल्टाने जे कळते, ते पेटीच्या झाकणावरील छापील मजकुराने कळत नाही.

चाक बदलून झाल्यावर नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एकाआड एक समोरासमोरचे, आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत. त्या तपासणीच्या वेळी नटाचे कोपरे शाबूत असले, तरच पाना त्यांना धरील. घाटातील चढावर भरधाव निघालेल्या गाडीतील माणसांना आपल्या चाकावर कोणती गोटी चढविली गेली, हे कधीच कळत नाही. ते कारागिरालाच ठाऊक असते. म्हणून नटाला हात लावण्याआधी अर्धा मिनिट त्याच्याकडे नीट पाहावे, माप घ्यावे, आणि मगच पेटीत हात घालावा.